दोन खुर्च्यांमधलं अंतर: चित्रपट लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

मराठी आणि हिंदी चित्रपट, मालिका लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गेली सोळा वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर औषधांचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलं तर माझ्याकडे येणारी माणसं "दाढ दुखतेय" म्हणून सांगतात. पुढे विश्वास बसला की तीच मला हे सांगतात. सुरुवातीला पाटीवर माझ्या नावाखाली 'मानसोपचार' हा शब्द होता. तिसऱ्या महिन्यात मी तो काढून टाकला, कारण पाटी वाचून माणसं जिन्यातूनच परत फिरत होती.

एवढा जिना चढून माणूस समोर बसला, की पहिली काही मिनिटं त्याच्या त्रासाबद्दल बोलणं होतच नाही. "मॅडम, शॉक नाही ना देणार?" "झोपवून सगळं काढून घेता का हो?" "एकदाच यायचंय ना?" "मी काही वेडा नाही, आधीच सांगतो." कॉलेजातल्या एका मुलाने विचारलं होतं, की मला समजून घ्यायला तुम्ही आमच्या घरी येऊन राहणार का? त्याने जे पाहिलं होतं त्यावरून त्याचा प्रश्न रास्त होता. शाळेत, घरात, कुठेही त्याला आमच्या कामाबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. माहीत होतं तेवढं पडद्यावरून. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

सगळा दोष तुमच्यावर टाकायचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि बहुतेक आजारांत दहातले सात किंवा त्याहून जास्त लोक उपचारांपर्यंत पोहोचलेले नव्हते. त्याला कारणं पुष्कळ आहेत. डॉक्टर कमी आहेत, अंतरं लांब आहेत, पैसा नाही, गावातला देवऋषी जवळचा वाटतो. पण जो माणूस पैसे घेऊन, एसटीने दीड तास प्रवास करून इमारतीच्या दारापर्यंत आलेला असतो आणि तरीही जिना चढत नाही, त्याला कोण अडवतं? त्याने जिची भीती घेतलेली असते ती खोली तुम्ही बांधलेली आहे.

आधी प्रेमाबद्दल बोलते.

'खामोशी' १९६९ सालचा. असित सेन यांचं दिग्दर्शन, वहिदा रेहमान यांची नर्स राधा. डॉक्टरांचा एक प्रयोग चाललेला असतो: मानसिक रुग्णावर नर्सने प्रेमाचं नाटक करायचं, त्या प्रेमाने तो बरा होईल. पहिला रुग्ण बरा होतो आणि निघून जातो. दुसऱ्या वेळी राधाच मोडून पडते. मी हा चित्रपट अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी रडले आहे. त्यातली एक गोष्ट मला फार प्रामाणिक वाटते. अंतर पाळलं नाही तर उपचार करणाऱ्या बाईचं काय होतं, ते हा चित्रपट लपवत नाही. पण प्रेक्षकाने त्यातून उचललं ते दुसरंच, की प्रेम मिळालं की वेड जातं. पुढे छत्तीस वर्षांनी, 'क्यों की' (२००५) मध्ये डॉक्टर रुग्णाच्या प्रेमात पडते आणि शेवटी रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला संपवण्याइतका सूड दुसरा एक डॉक्टरच उगवतो. एकाच कथेत डॉक्टर म्हणजे प्रेयसी आणि डॉक्टर म्हणजे राक्षस. ज्याने आयुष्यात एकही मानसोपचारतज्ज्ञ पाहिलेला नाही, त्याच्या हातात यातलं काय उरणार?

या गोष्टीवर मी इतकी अडते, त्याला कारण आहे. आमच्या खोलीत दोन खुर्च्या असतात. त्यांच्यामधलं अंतर हेच आमचं मुख्य साधन आहे. समोरचा माणूस कधी कधी माझ्यात स्वतःची आई शोधतो, कधी बायको, कधी कधीच न भेटलेली मैत्रीण. असं होणं अगदी नेहमीचं आहे आणि त्याची आम्हाला शिकवण दिलेली असते. त्याला त्या वेळी झिडकारायचं नसतं आणि त्याचा फायदा तर मुळीच घ्यायचा नसतो. ती ओढ कशाची आहे हे त्याच्याबरोबर बसून पाहायचं असतं. त्या ठिकाणी उपचार करणाऱ्याने प्रेम केलं, तर ज्या एका जागी तो माणूस कुणाचंही काही देणं न लागता बसू शकत होता तीही त्याच्या हातून जाते. माझ्याकडे आलेल्या एका तरुण मुलीने आधीच्या एका समुपदेशकाबद्दल सांगितलं. तो रात्री मेसेज करायचा, कॉफीला बोलवायचा. तिला वाटलं, सिनेमात असंच असतं, म्हणजे हेच बरोबर असेल. तो अन्याय आहे हे ओळखायला तिला दीड वर्ष लागलं.

म्हणूनच 'डियर जिंदगी'चा (२०१६) शेवट मला अजून लक्षात आहे. गौरी शिंदे यांचा चित्रपट, गोव्यात घडणारा. कायरा आपल्या डॉक्टरांना, जहांगीर खान यांना, मनातलं बोलून दाखवते, आणि ते तिला न दुखावता थांबवतात. उपचार संपले आहेत, आपण इथे थांबू या. आमच्या व्यवसायातल्या माणसांना तो प्रसंग पाहून काय वाटलं असेल याची तुम्हाला कल्पना नसेल. इतका मोठा नट, इतकी लोकप्रिय जोडी, आणि तरीही लेखिकेने मोह टाळला. बालपणीची दुखरी गोष्ट पहिल्या भेटीत बाहेर येत नाही, बऱ्याच भेटींनंतर येते, हेही तिथे बरोबर आहे. समुद्रावर फिरत, सायकली चालवत झालेल्या भेटी मात्र खटकल्या. त्या चित्रपटानंतर मला तीन-चार जणांनी विचारलं, आपण कृष्णेच्या घाटावर बसून बोलू या का? घाटावर त्यांची मावशी भेटली तर? चार भिंती लागतात त्या यासाठी, की आतलं बाहेर जाऊ नये. पण मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. त्या चित्रपटामुळे माझ्याकडे आलेली माणसं मला माहीत आहेत. पन्नाशीच्या एका बाईंनी तो लेकीबरोबर टीव्हीवर पाहिला आणि पंधरा दिवसांनी त्या आल्या. दारात उभं राहून, खुर्च्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "ह्यातली माझी कुठली?" पंचवीस वर्षांच्या संसारात आपली खुर्ची कुठली हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, हे मला चौथ्या भेटीत कळलं.

आता शॉकबद्दल.

तुम्ही ज्याला शॉक म्हणता ती इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी (ईसीटी) १९३८ मध्ये रोममध्ये पहिल्यांदा वापरली गेली. सुरुवातीच्या काळात ती भूल न देता दिली जायची आणि त्यात माणसांचे हाल झाले, हे खरं आहे. तुमचा पडदा अजून तिथेच उभा आहे. चार जण धरून ठेवतात, तोंडात बोळा, किंचाळ्या, आणि शिक्षा म्हणून शॉक. आज आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ आहे. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरायला बंदी आहे. त्याच कलमात रुग्णाला साखळदंडाने बांधण्यालाही बंदी आहे. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञ हजर असतो, माणूस झोपलेला असतो, विद्युतप्रवाह काही सेकंदांचा असतो, आणि थोड्या वेळाने तो उठून पाणी मागतो. डोकं दुखतं, काही वेळ गोंधळल्यासारखं होतं, त्या दिवसांतल्या काही आठवणी पुसल्या जाऊ शकतात. हे दुष्परिणाम आहेत आणि ते रुग्णाला आधी सांगायचे असतात. मी स्वतः हे उपचार देत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम आहे. पण कुणाला ते द्यावे लागतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

मिरजेच्या बाजूच्या एका खेड्यातल्या आजी होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खोल नैराश्य. खाणं बंद, बोलणं बंद, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. औषधांचा परिणाम दिसायला वेळ लागत होता आणि तेवढा वेळ शरीराकडे नव्हता. डॉक्टरांनी ईसीटी सुचवलं. मुलगा संतापून म्हणाला, "माझ्या आईला करंट लावणार? मी पिक्चरमध्ये बघितलंय काय होतं ते." तो वाईट मुलगा नव्हता. रोज आईचे पाय चेपत बसायचा. त्याला समजावण्यात आठ-नऊ दिवस गेले आणि त्या दिवसांत आजींचं वजन आणखी उतरलं. शेवटी तो तयार झाला, पण खोलीबाहेर कानांवर हात ठेवून बसला होता. किंचाळी ऐकू येईल म्हणून. ती आलीच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर आजींनी चहा मागितला. ते आठ-नऊ दिवस मी विसरू शकत नाही.

वेड्यांचं इस्पितळ हीसुद्धा तुमच्याकडे शिक्षाच असते. 'दामिनी'मध्ये (१९९३) खरं बोलणाऱ्या बाईला तोंड बंद करण्यासाठी तिथे पाठवलं जातं. त्या चित्रपटाला सत्तेचा अन्याय दाखवायचा होता आणि तो त्याने दाखवला. पण त्या वॉर्डातल्या बाकीच्या बायका कोण होत्या? त्या फक्त दामिनीला भिववण्यासाठी होत्या. पुणेकर "येरवड्याला पाठवा" म्हणतात, मुंबईकर "ठाण्याला". येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आजही हजारो माणसं उपचार घेतात. बरे झाल्यावर घरचे न्यायला येत नाहीत म्हणून तिथेच राहिलेलीही आहेत. आणि या गावांची नावं शिवी म्हणून वापरली जातात. त्या माणसांपैकी कुणाची गोष्ट लिहावी, असं तुम्हाला वाटतं का?

'भूलभुलैया' (२००७) मुळात १९९३ च्या मल्याळम 'मणिचित्रताळू'वर बेतलेला. भूत नाही, मनाचा आजार आहे असं सांगणारा डॉक्टर नायक म्हणून पडद्यावर आला, याचं मला कौतुक आहे. पण शेवटी आजार बरा होतो तो मांत्रिकाच्या मदतीने रचलेल्या एका नाट्यातून, एका रात्रीत. आणि २०२२ च्या दुसऱ्या भागात तर भूत खरंच निघालं. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांचा आधीचा थांबा भगताचा असतो. तिथे उतारा, तिथे मार, तिथे महिने जातात. पडद्यावरचा डॉक्टर आणि मांत्रिक हातात हात घालून उभे राहिले की त्या कुटुंबाला वाटतं, दोन्ही करू या, काय बिघडतं. बिघडतं ते रुग्णाच्या अंगावरच्या वळांमध्ये मी पाहिलं आहे.

भाषेबद्दलही थोडं. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका शरीरात दोन माणसं नव्हेत. त्यात भास होतात, संशय बळावतो, विचारांची संगती तुटते. दोन व्यक्तिमत्त्वं हा वेगळा आणि विरळा प्रकार आहे. तुमच्या खुनी खलनायकाला दर वेळी हाच आजार का होतो, ते मला समजत नाही. आजार असलेली माणसं इतरांवर हात उचलतात त्याहून जास्त वेळा इतरांचा मार खातात. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' या नावाला इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने हरकत घेतली आणि चित्रपटाचं नाव बदललं गेलं. तेवढ्याने काही सुटत नाही, पण निदान कुणीतरी विचारलं.

तुम्ही म्हणाल, मग सिनेमा कसा करायचा? खोलीत दोन माणसं बसून बोलतात, त्यात पाहण्यासारखं काय?

नाट्य हवं असतं हे मला पटतं, आणि ते आमच्याकडे भरपूर आहे. तुम्ही ते चुकीच्या जागी शोधता. आमच्या गावांत एकटा माणूस क्वचितच येतो. मुलीबरोबर वडील येतात, सुनेबरोबर सासू येते. प्रश्न मुलीला विचारला की उत्तर वडील देतात. "ती झोपते नीट." मुलगी खाली बघत असते. मग मला म्हणावं लागतं, "काका, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" ते वाक्य म्हणताना सोळा वर्षांनंतरही माझा आवाज सावध होतो. वडील उठतात की नाही, उठताना मुलीकडे कसं बघतात, दार लागल्यावर मुलगी किती वेळ गप्प राहते, हे सगळं मी रोज बघते. आणि बाहेर येताच वडील विचारतात, "काय म्हणाली?" मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर वाट वेगळी, पण एरवी फी भरणाऱ्या बापालाही ती सांगता येत नाही. तुमच्या मालिकांतले डॉक्टर फोनवर नवऱ्याला सगळं सांगून टाकतात. मी मात्र त्या काकांसमोर उभी असते, ते रागावलेले असतात, घाबरलेले असतात, आणि मला त्यांनाही जपायचं असतं.

दुसरी जागा. पहिल्याच भेटीत आम्ही झोप, भूक, घरातलं वातावरण, आधीची औषधं विचारतो, आणि मग सरळ विचारतो: मरून जावंसं वाटतं का? कसं, कधी, काही ठरवलं आहे का? पडद्यावर हा प्रश्न मी जवळजवळ कधीच ऐकलेला नाही. लोकांना वाटतं, असं विचारल्याने तो विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. बहुतेक वेळा खांदे सैल होतात, कारण हे मोठ्याने विचारणारं पहिलं माणूस भेटलेलं असतं. हा प्रश्न तुमच्या एखाद्या नटाने शांत आवाजात विचारला, तर घराघरांत बसलेल्या आयांना आणि मित्रांना तो कसा विचारायचा हे कळेल. प्रसंगानंतर मदतीचा क्रमांक दाखवणार असाल तर १४४१६ दाखवा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

एका हुंदक्यात माणूस बरा होत नाही. रडणं येतं, कधी कधी येतं, आणि पुढच्या मंगळवारी तो पुन्हा तेच सांगत बसतो. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती रुजवली. त्या पद्धतीत माणसाला घरी करायला गृहपाठ मिळतो. वहीत लिहायचं: काय घडलं, मी स्वतःशी काय म्हणालो, ते खरं होतं का. दुकानात हिशेब लिहिणारा माणूस ही वही लपवून लिहितो, बायको ती चुकून वाचते. यात दृश्य नाही असं मला कुणी सांगू नये.

आणि कोण काय करतं तेवढं तरी नीट लिहा. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर एमडी करतात, औषधं ते लिहितात. माझ्यासारख्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि मी गोळी लिहून देऊ शकत नाही. तुमचा एकच डॉक्टर संमोहन करतो, इंजेक्शन देतो, गुन्हाही सोडवतो.

हे जमतं, हे आपल्या भाषेतच दोन माणसांनी दाखवलं आहे. दिग्दर्शक सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. 'देवराई'मधला (२००४) अतुल कुलकर्णी यांचा स्किझोफ्रेनिया असलेला शेष आठवा. त्याचा आजार शेवटी जादूने नाहीसा होत नाही. बहीण थकते, चिडते, पुन्हा उभी राहते, आणि आजाराला आजार म्हणून नाव मिळतं. त्यांच्याच 'कासव'ला चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात कोसळलेल्या तरुणाला आसरा देणारी जानकी त्याच्या मागे प्रश्न घेऊन लागत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना उचलून पाण्यात न टाकता वाट मोकळी ठेवावी, तशी ती वागते. डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, तेही या कामात होते. जाणकार माणूस शेजारी असला की कथा कोरडी होते, हा समज या चित्रपटांनी खोटा ठरवला आहे. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मी आजही 'देवराई' बघायला सांगते. वीस वर्षांत त्याच्या शेजारी ठेवायला फार थोडी नावं मिळाली, याचं मला वाईट वाटतं.

मला आणखी एक इशारापट्टी नको आहे. तंबाखूच्या इशाऱ्यासारखी ओळ खाली आली म्हणजे वरचं दृश्य बदलत नाही. मला लिहिण्याआधीची एक भेट हवी आहे. माझ्या कुठल्याही सेशनमध्ये तुम्हाला बसवता येणार नाही, ते माझ्या पेशंटचं आहे. पण मी आणि माझे सहकारी तुम्हाला रचलेलं सेशन पूर्ण करून दाखवू, मधल्या गप्प मिनिटांसकट. तुम्ही लिहिलेला प्रसंग वाचून कुठे खटकतं ते सांगू. त्याचे पैसे नकोत, नावही नको.

बुधवारी दुपारनंतर मी पेशंट घेत नाही. त्या वेळी या. दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिन्यात कुणी विचारलं, तर कुठे निघालात ते खरं सांगा.

आपली,
सांगलीची एक मानसशास्त्रज्ञ